पाणउतारा

ग्रिम्सबीला मासे येतात खोक्यांतून, बर्फाखाली,
आइसलँडहून, नॉर्वेहून,
आणि पहाटे सहाला येते डेनीस कॉथॉर्न.
तिच्याआधी तिच्या किल्ल्यांचा जुडगा येतो.
तो वाजला की पट्ट्यावरच्या आम्हा अकरा जणींच्या
पाठी आपोआप ताठ होतात.

"थर्मामीटर असा नाही. असा."
चार वर्षं मी तो असाच धरते आहे.
"असा नाही, असा."
मी असा धरते. ती वळते. मी पुन्हा तसा.

संडासला गेलेली मिनिटं ती फळ्यावर लिहिते.
माझ्या नावापुढे सात, भोवती लाल गोल.

एकदा मला हॅडॉक दाखवला.
"खांद्यावर काळा ठिपका असतो. लक्षात राहील?"
मला,
जिची आते मालवणच्या लिलावात
कल्ल्यात बोट घालून सांगायची मासा कालचा की परवाचा,
आणि गिऱ्हाइकाला दटावायची,
"आदी डोळे बग, मगे भाव कर."
मी म्हटलं, येस डेनीस.
मराठीत तिला काय म्हणते ते इथे लिहीत नाही.
नवऱ्याला पाठ आहे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार :
वाक्यात उपयोग करा, असं सातवीच्या पेपरात आलं होतं.
माझा अर्धा गुण गेला होता.
आता रोज उपयोग करते,
सहा ते दोन, मध्ये वीस मिनिटं सुट्टी.

नोव्हेंबरात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
जुडगा माझ्याकडे आला.
वाटला होता त्याहून जड निघाला,
चालताना मांडीवर आपटायचा.
तिसऱ्याच दिवशी नवीन पोरगा, डायनियस,
लिथुआनियाचा, मिसरूडही धड न फुटलेला,
त्याच्या हातातला थर्मामीटर मी ओढून घेतला.
"असा नाही. असा."
शब्द तिचे. हेलसुद्धा तिचाच, अस्सल ग्रिम्सबीचा,
जो मला एरवी मेला तरी जमत नाही.
पोराने चेहऱ्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.
ती घडी माझ्या ओळखीची.

दोनला सुटले ती बसने क्लीथॉर्प्सला गेले.
तिथे समुद्र नव्हता.
ओहोटीला तो इतका लांब जातो
की पोरंबाळं विचारतात, आणतील ना परत?
मी कठड्याला टेकून उभी. वारा कानात.
पाणउतारा.
हा शब्द कुणा खलाशानेच केला असणार, असं वाटलं.
पाणी उतरल्यावर काय काय उघडं पडतं :
चिखल, एका पायाचा बूट,
होड्यांना धरून ठेवणाऱ्या साखळ्या,
गंजलेल्या, शेवाळ्याने माखलेल्या.
भरतीला त्या कुणाला दिसतात?
चिप्स घेतल्या. निम्म्या सीगलने नेल्या.

दुसऱ्या दिवशी डायनियसला म्हटलं, मोजा काढ.
बोट धुऊन कल्ल्यात घाल. वास घे. डोळा दाब.
तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला,
बहुधा आतेला कळलं असतं.
चौथ्या खोक्याला त्याने मान हलवली, हा नको.
यंत्र लावून पाहिलं. खरंच नको होता.

सहा आठवड्यांनी डेनीस परतली, एका काठीवर.
किल्ल्या दोनदा मोजल्या. पुऱ्या होत्या.
मग पोराचा उघडा हात दिसला.
"हे कोणी शिकवलं?"
पट्टा चालू होता. अकरा पाठी. नाही, दहा.
"मी," म्हणाले.
मागे सॉरी जोडायची सवय जिभेशी आली,
तिला गिळून टाकलं.

त्या दिवशी फळ्यावर माझ्यापुढे नऊ आहेत.
नऊ मिनिटं मी कुठे होते मला आठवत नाही.

ती टेबलाला टेकून उभी होती, दुखरा पाय उचलून.
मी पायानेच स्टूल तिच्याकडे सरकवलं,
तिच्याकडे न बघता.
ती बसली नाही.
आज गुरुवार. स्टूल तिथेच आहे.